समुद्र हवाय की सुट्टी?

बॅचमध्ये हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी येतोच: "सर, दुकान विकून कोकणात होमस्टे टाकू का?" व्हिडिओत मी हसून पुढे जातो, कारण पाच मिनिटांत उत्तर होत नाही. आज जरा सविस्तर बोलतो.

आधी कबुली. हे खूळ मलाही होतं. चिंचवडला माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान. सकाळी नऊला शटर वर, रात्री साडेनऊला खाली. मध्ये आधार कार्डाच्या झेरॉक्स, प्रोजेक्टचे कव्हर, "दादा, दहा रुपयांचे सुट्टे द्या ना". डिसेंबर २०१९ मध्ये दोन दिवस दिवेआगरला गेलो. ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा करत पोचलो, संध्याकाळी वाळूत बसलो, आणि डोक्यात बसलं की बास, आता इथेच. परत यायच्या आत चार खोल्यांचं एक घर बघूनही ठेवलं. मालकाशी बोलणं झालं. तीन लाख डिपॉझिट, मुहूर्त पाडव्याचा.

२०२० चा पाडवा होता २५ मार्चला. त्याच दिवशी देशभर लॉकडाऊन लागला. पुढे ३ जूनला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. मी बघितलेल्या घराचे पत्रे उडाले, पुढे किती तरी दिवस तिथे लाइट नव्हती. म्हणजे मी हुशार होतो म्हणून नाही वाचलो, तारखेने वाचलो. हे मुद्दाम सांगतोय, कारण बीबीएला आम्हाला ब्रेक-इव्हन शिकवलेलं होतं, पेपरात मार्कही बरे होते, आणि तरी तीन लाख द्यायला निघताना मी एक कागद काढून हिशोब मांडला नव्हता!

तो हिशोब नंतर मांडला. तुम्हीही मांडून बघा. चार खोल्या, रात्रीचे २,००० रुपये धरा. सीझन ऑक्टोबर ते मे. या आठ महिन्यांत शनिवार येतात साधारण ३५. सगळे फुल्ल गेले असं समजू, म्हणजे १४० रूम-नाइट. दिवाळी, नाताळ, मे महिना मिळून अजून १०० धरू. झाल्या २४०, म्हणजे ४,८०,००० रुपये. आकडा ऐकायला छान आहे. आता घराचं भाडं महिना १५,००० म्हणजे वर्षाचे १,८०,०००. एक मदतनीस १०,००० ने, १,२०,०००. वीज, चादरी-टॉवेल धुणं, मोटर जळणं, बुकिंग साइटचं कमिशन यांचे ९०,०००. हातात राहिले ९०,०००. महिन्याला साडेसात हजार. माझ्या दुकानातला पोरगा याच्या दुप्पट पगार घेतो.

कोणी म्हणेल, जेवणाचे पैसे धरलेच नाहीत. बरोबर, आणि खरा धंदा तिथेच आहे, खोलीत नाही. पण जेवण करणार कोण? कोकणात ज्या घरी आपण बोटं चाटत जेवतो, तिथे पहाटे उठून नारळ खवणारी, माणसं मोजून मासे आणायला लावणारी, रात्री अकराला शेवटचं ताट धुणारी एक काकू असते. तिचा पगार कुठल्याच हिशोबात नसतो. आपण तिचं आयुष्य बघत नाही, तिच्या ओसरीवरून समुद्र बघतो. तुमच्या घरी ते काम कोण करणार आहे, हे "आपण कोकणात जाऊ" म्हणण्याआधी बायकोला विचारलंय का? मी नव्हतं विचारलं.

दुसरं म्हणजे, तिथे जूनपासून चित्र पालटतं. यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते, समुद्रात उतरणं धोक्याचं होतं, गिऱ्हाईक तुटतं. भाडं मात्र बारा महिने चालू. स्वतःची जागा घेऊन बांधायचं म्हटलं तर भरतीरेषेजवळच्या बांधकामाला सीआरझेडचे नियम आहेत. एजंट "सी टच" म्हणून दाखवतो, त्या प्लॉटवर काय बांधता येतं हे कागदावर बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

माझं मत असं आहे की दहातल्या आठ जणांना समुद्र नको असतो, सुट्टी हवी असते. आपण दुकानदार लोक सुट्टीच घेत नाही, मग सुट्टीची भूक इतकी वाढते की तिला आपण बिझनेस आयडिया म्हणायला लागतो. माझ्या वडिलांनी सव्वीस वर्षं दुकान चालवलं आणि समुद्र दोनदा बघितला, त्यातला एकदा मयतीला गेले तेव्हा. म्हणून आता मी फेब्रुवारीत चार दिवस शटर खाली ठेवतो. गल्ल्यात फरक पडतो, खोटं कशाला बोलू. पण "दादा कुठे गेले होते?" विचारत तीच गिऱ्हाईकं परत येतात.

मग उरलेल्या दोघांचं काय? त्यांना मी नाही म्हणत नाही. एवढंच सांगतो, जुलैत जाऊन राहा. पाहुणा म्हणून नाही, तिथल्या एखाद्या ओळखीच्या घरी कामाला.

बॅचमधला एक जण खरंच गेला. हडपसरला त्याचं स्कूल बॅग आणि रेनकोटचं दुकान. ऐन सीझनमध्ये आठ दिवस वहिनींवर गल्ला सोपवून गेला, घरच्यांच्या शिव्या खाल्ल्या. तिकडे तीन दिवस लाइट नव्हती, छप्पर गळत होतं, हा मालकाबरोबर कौलं सारखी करत होता. परत आला तेव्हा म्हटलं, उतरलं का खूळ? तर म्हणाला, "सर, चार नाही, दोनच खोल्या घेतोय. त्याच काकांच्या, भाड्याने नाही, भागीदारीत. माझा सीझन पावसाचा, त्यांचा उन्हाचा. मे महिन्यात मात्र दोन्हीकडे गर्दी, तेव्हा काय करायचं ते अजून कळत नाहीये."

मलाही अजून सुचलेलं नाही. पुढच्या रविवारी त्याचा कागद घेऊन बसतोय आम्ही दोघं.