आजी भाजे येथे भाकरी भाजे

मळवली स्टेशनावर उतरून भाजे लेण्यांची वाट पुष्कळांनी तुडवली असेल. त्या गावावरून एक वाक्य पाहा : ‘आजी भाजे येथे भाकरी भाजे.’ पहिले ‘भाजे’ हे गावाचे नाव, दुसरे क्रियापद. देवनागरीत विशेषनामासाठी वेगळे मोठे अक्षर नाही, तरी आपण अडखळत नाही. मावळात सूर्य मावळला म्हणूनही कोणी गोंधळत नाही. शब्दाची वाक्यातली जागा पाहून आपण अर्थ लावतो.

संगणकाने असेच करावे काय? १९५७ साली आलेल्या फोर्ट्रान भाषेत एकही शब्द राखीव नव्हता. आज्ञेचाच शब्द एखाद्या चलाला नाव म्हणून दिला तरी चाले. शिवाय शब्दांमधली मोकळी जागा ती भाषा जमेस धरीत नसे. ‘डू १० आय = १,१०’ म्हणजे दहा क्रमांकाच्या ओळीपर्यंतचे काम दहा वेळा कर. त्यातल्या स्वल्पविरामाच्या जागी चुकून टिंब पडले, की संगणक ‘डू१०आय’ नावाचा चल कल्पून त्याची किंमत १.१० ठरवी आणि बिनतक्रार पुढे जाई!

म्हणून पुढच्या बहुतेक भाषांनी काही शब्द राखून ठेवले. संगणक अक्षरे वाचत जातो, शब्द पुरा झाला की यादीत शोधतो. सापडला तर तो भाषेचा शब्द, नाही तर आज्ञावली लिहिणाऱ्याने दिलेले नाव. माझ्या मते हीच रीत बरी. मात्र यादी आखूड हवी. कोबोलने शेकडो शब्द अडवले, पायथॉनचे काम ३५ शब्दांत भागते. २०२१ साली ‘मॅच’ ही नवी आज्ञा आणताना पायथॉनकारांनी तो शब्द राखीव केला नाही, कारण जुन्या आज्ञावल्यांत ते नाव आधीच नांदत होते. तिथे पुन्हा जागा पाहूनच अर्थ लागतो, आजीच्या भाकरीसारखा.

यादीबाहेरची नावे मात्र आपली. पायथॉनमध्ये २००८ पासून ती देवनागरीतही चालतात. मग लोणावळ्याच्या पावसाची सरासरी काढणाऱ्या मुलीने ‘एक्स’ आणि ‘वाय’ का लिहावे? ‘लोणावळा_पाऊस’ लिहिले तर महिन्याने वही उघडल्यावर तिलाच कळेल, काय मोजले होते. परदेशी मंडळींबरोबर काम करताना रोमन नावे सोयीची, हे खरे. नववीच्या वर्गात ती अडचण नाही. शिक्षकांनी अशा नावांवर लाल रेघ ओढू नये. दोन शब्दांत मोकळी जागा सोडली असेल तर जरूर ओढावी. तिथे ‘_’ ही आडवी रेघच हवी.