पाच तासांत बेट दिसत नाही

ग्रीसच्या सांतोरिनी बेटाच्या जुन्या बंदरावर आम्ही क्रूझच्या पाच तासांच्या थांब्यासाठी उतरलो आणि थेट रांगेत उभे राहिलो. मोठं जहाज पाण्यातच थांबतं. लहान बोटी माणसं धक्क्यावर आणून ओततात. तिथून वर फिरा गावात जायचं तर रोपवे, 588 पायऱ्या किंवा खेचर. रोपवेच्या रांगेत आमचा दीड तास गेला. कंटाळून काही जण खेचरांकडे वळले. त्यातलं एक माझ्या अगदी शेजारी उभं होतं. खोगिराच्या पट्ट्याखाली कातडी सोललेली, जखमेवर माशा, आणि पाठीवर चढू पाहणारा सव्वाशे किलोचा माणूस. 100 किलोंहून किंवा जनावराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त ओझं लादू नये, असा नियम ग्रीसने 2018 मध्येच केला आहे. त्या धक्क्यावर त्याला कुणी विचारत नव्हतं.

वर पोचतो तोच परतीच्या रांगेची घाई. हातात जेमतेम तास. मला अक्रोतिरी पाहायचं होतं. सुमारे 3,600 वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं नगर. दुमजली-तिमजली घरं, रस्त्याखालून नेलेली गटारं. त्यासाठीच मी पैसे साठवले होते. ते राहिलं बेटाच्या दक्षिण टोकाला. आमच्या वेळापत्रकात जागा होती ती निळ्या घुमटासमोरच्या फोटोला.

याला प्रवास म्हणणं ही शुद्ध फसवणूक आहे. जहाजवाले ती विकतात, आपल्याकडचे टूरवाले ती विकतात, आणि किती ठिकाणं 'झाली' हे मोजणारे आपण ती हौसेने विकत घेतो.

भोगतात तिथे राहणारे. बेटाची वस्ती पंधरा-सोळा हजारांची. जुलै 2024 मध्ये एकाच दिवशी जहाजांतून 11,000 प्रवासी उतरणार होते, तेव्हा एका स्थानिक लोकप्रतिनिधीने रहिवाशांनाच घराबाहेर फिरणं कमी करायला सांगितलं. स्वतःच्या गावात, स्वतःच्या रस्त्यावर! आम्ही जेवतो जहाजावर, झोपतो जहाजावर. गावाला देतो कचरा आणि रेटारेटी. आता दिवसाला 8,000 जहाजी प्रवाशांची मर्यादा आहे, 2025 पासून ऐन हंगामात माणशी 20 युरो घेतात. लाखो रुपये मोजून आलेला माणूस 20 युरोंसाठी मागे फिरेल? मर्यादा निम्म्यावर आणा. रात्रभर मुक्काम न करणाऱ्या जहाजाला परवानगीच देऊ नका.

आणि तुम्ही, पुढच्या उन्हाळ्याचं बुकिंग करायला बसलेले, सांतोरिनीला जायचंच असेल तर ऑक्टोबरमध्ये जा, तीन रात्री राहा, अक्रोतिरी पाहा. तेवढा वेळ नसेल तर जाऊ नका.