किमान रकमेचा सापळा

क्रेडिट कार्डाच्या बिलावर पूर्ण देय रकमेशेजारी किमान देय रक्कम छापलेली असते, बहुधा ५ टक्क्यांच्या आसपास. ती भरली की दंड टळतो, म्हणून पगारदार माणूस निश्चिंत होतो. पण उरलेल्या रकमेवर महिन्याला ३ ते साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांच्या घरात व्याज चढत राहते. नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. ३० टक्क्यांवरचे व्याज अनुचित ठरवणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. त्या मर्यादेची आशाही संपली.

असे व्याज साचून बिल किंवा हप्ते थकले की सिबिल स्कोअर घसरतो, घरकर्ज अडते. मग ‘स्कोअर सुधारून देतो’ म्हणणारे दलाल भेटतात. त्यांना एक रुपयाही देऊ नये. खरी नोंद त्यांना पुसता येत नाही आणि चुकीची नोंद दुरुस्त करून घेणे फुकट आहे. सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा असतो. चुकीच्या नोंदीची तक्रार ३० दिवसांत सुटली नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. किती कर्जदारांना तो ठाऊक आहे? तडजोडीत कमी पैसे भरून खाते मिटवले, तर अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढचे कर्ज अवघड होते, हेही वसुलीच्या घाईत सांगितले जात नाही.

किमान रकमेचा धोका सांगणारी सूचना मराठीत, त्या आकड्याशेजारी, तितक्याच ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती रिझर्व्ह बँकेने करावी.