‘ॲक्सेंट घालवा’ या वर्गाला माझा विरोध का आहे

आपल्या मराठी मंडळाच्या यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेत, अमेरिकेत नव्याने आलेल्या सभासदांसाठी ‘ॲक्सेंट घालवा’ असा शनिवारचा वर्ग जाहीर झाला आहे. ज्यांनी तो सुचवला त्यांची तळमळ खरी आहे. मुलाखतीत समोरच्याच्या कपाळावर आठी पडली की हुशार माणूसही कसा चाचरू लागतो, हे आपल्यापैकी बहुतेकांनी अनुभवलं आहे. तरीही हा वर्ग ज्या स्वरूपात मांडला आहे, त्याला माझा विरोध आहे. ‘समजलं नाही तर दोष बोलणाऱ्याचा’ हे त्यात मुळातच मान्य करून टाकलं आहे. ही समजूत फार तर अर्धी खरी आहे. ती आपणच आपल्या माणसांच्या गळी उतरवू नये.

अगदी साध्या अक्षरापासून सुरुवात करतो. औषधाच्या दुकानात फोनवर ‘पाटील’ हे आडनाव सांगायचं आहे. आपण ‘पी’ म्हणतो, पलीकडून ‘बी?’ असं येतं. पुन्हा ‘पी’, पुन्हा ‘बी’. नोंद ‘बाटील’ अशी होते आणि औषध तयार असूनही खिडकीशी गेल्यावर सापडत नाही. असं का होतं ते घरीच पाहता येईल. ओठांसमोर कागदाची पातळ पट्टी धरून एखाद्या अमेरिकन शेजाऱ्याला ‘पेन’ म्हणायला सांगा. पट्टी फडफडते. आपण मराठी वळणाने ‘पेन’ म्हटलं तर ती जेमतेम हलते. शब्दाच्या सुरुवातीचे पी, टी, के उच्चारताना इंग्रजीत श्वासाचा झोत बाहेर पडतो. मराठीत तो झोत ख, ठ, थ, फ अशा महाप्राणांसाठी राखून ठेवलेला आहे. आपण प आणि ब यांतला फरक घशातल्या कंपावरून ओळखतो, तर अमेरिकन कान शब्दाच्या आरंभी तो मुख्यतः झोतावरून ओळखतो. झोत नाही, म्हणजे बी. आपला प शुद्ध होता. त्याला ऐकू आलेला ब हाही त्याच्या भाषेच्या हिशेबाने बरोबरच होता. घोटाळा दोघांच्या मधे कुठेतरी झाला.

हे शिकून घ्यायला माझी मुळीच हरकत नाही. झोत थोड्या सरावाने जमतो. आघाताचंही तसंच. आपण ‘हॉटेल’ म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर देतो, इथे तो दुसऱ्यावर पडतो. इंग्रजी ऐकणारा माणूस शब्द ओळखतो तो बराचसा या जोरावरून, त्यामुळे एकेक अक्षर बिनचूक असूनही अख्खा शब्द त्याच्या हातून निसटतो. आपल्या एकाच ‘व’मध्ये त्यांचे व्ही आणि डब्ल्यू दोन्ही बसवलेले असतात, तेही सुटं करून घेता येईल. वर्गात हे जरूर शिकवावं. पण हे झालं स्पष्ट बोलण्याचं शिक्षण. ॲक्सेंट घालवणं ही निराळीच गोष्ट आहे.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे कॅनडातल्या मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग या भाषाशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये दाखवून दिलं. त्यांनी मँडरिन मातृभाषा असलेल्यांचं इंग्रजी बोलणं इंग्रजीभाषक श्रोत्यांना ऐकवलं आणि ऐकलं ते शब्दशः लिहून काढायला सांगितलं. ज्या वाक्यांना श्रोत्यांनी ‘ॲक्सेंट फार जड आहे’ असे गुण दिले, त्यांतली कितीतरी वाक्यं त्यांनीच एकही चूक न करता उतरवून घेतली होती. म्हणजे ॲक्सेंट जाणवतो म्हणून बोलणं कळत नाही, असं नाही.

याच्याही पुढची गोष्ट जॉर्जिया विद्यापीठातल्या डोनाल्ड रुबिन यांच्या 1992 च्या प्रयोगात आहे. आपल्यापैकी अनेकजण इथे पहिल्यांदा टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट, म्हणून वर्गासमोर उभे राहिले, त्यांनी तरी हा प्रयोग लक्षात ठेवावा. ओहायोत वाढलेल्या, इंग्रजी हीच मातृभाषा असलेल्या एका स्त्रीचं छोटंसं व्याख्यान रुबिन यांनी ध्वनिमुद्रित केलं आणि पदवीच्या विद्यार्थ्यांना ऐकवलं. ऐकताना काहींच्या समोर गोऱ्या स्त्रीचा फोटो होता, काहींच्या समोर आशियाई स्त्रीचा. आवाज तोच, शब्द तेच. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना त्यात परका ॲक्सेंट ऐकू आला. एवढ्यावर थांबलं नाही. व्याख्यानातलं त्यांच्या लक्षातही कमी राहिलं. तिथे घालवण्यासारखा ॲक्सेंट नव्हताच. मग अशा विद्यार्थ्यांसमोर आपला एखादा तरुण टीए शनिवारमागून शनिवार जीभ वळवत बसला, तर त्याच्या चेहऱ्याचं काय करायचं?

आणि चेहरा दिसला नाही तरी कान आधीच तयार झालेले असतात. नागपूरचा, मदुराईचा आणि लुधियानाचा माणूस इंग्रजी बोलला तर आपल्याला चटकन फरक कळतो. इथे तिघेही ‘इंडियन ॲक्सेंट’ या एकाच पोत्यात जातात. त्या पोत्यावरचं लेबल कितीतरी वर्षं ‘द सिम्पसन्स’ मालिकेतल्या अपू या भारतीय पात्राचं होतं, आणि अपूला आवाज होता हँक अझारिया या गोऱ्या अमेरिकन नटाचा. हरी कोंडाबोलू यांचा ‘द प्रॉब्लेम विथ अपू’ हा माहितीपट 2017 मध्ये आला, आणि 2020 मध्ये अझारिया यांनी अपूचा आवाज देणं थांबवल्याचं सांगितलं. तोवर इथल्या एका पिढीने कुणा भारतीयाशी प्रत्यक्ष बोलण्याआधी भारतीय म्हणून तोच आवाज ऐकलेला होता. शाळेच्या बसमध्ये आपल्या मुलांना तो ऐकवला गेला, हे मी विसरू शकत नाही.

हे सगळं दुखावलेल्या भावनांपुरतं राहत नाही, पोटापाण्यावर येतं. मॅन्युएल फ्रॅगान्टे हे फिलिपिन्सहून आलेले गृहस्थ. होनोलुलूमध्ये वाहन नोंदणी कार्यालयातल्या कारकुनाच्या जागेसाठी त्यांनी लेखी परीक्षा दिली आणि 721 उमेदवारांत पहिले आले. मुलाखत घेणाऱ्यांनी त्यांच्या ॲक्सेंटवर बोट ठेवलं आणि जागा दुसऱ्याला गेली. ते कोर्टात गेले, हरले, आणि 1989 मध्ये अपिलातही निकाल त्यांच्या विरोधात लागला. कायद्याच्या प्राध्यापिका मारी मात्सुदा यांनी 1991 मध्ये येल लॉ जर्नलमध्ये या खटल्यावर सविस्तर लिहिलं. त्यांनी दाखवलेली एक गोष्ट मला अस्वस्थ करते. फ्रॅगान्टे यांनी कोर्टात स्वतः साक्ष दिली. वकिलांनी प्रश्न विचारले, त्यांनी उत्तरं दिली, लघुलेखकाने ती शब्दशः टिपली. सगळ्यांना सगळं कळत होतं. आणि त्याच कोर्टाने, यांचं बोलणं या नोकरीला चालणार नाही, हे मान्य केलं.

कुणी म्हणेल, जग असंच आहे, आपण वाकलेलं बरं. मला हा युक्तिवाद पटत नाही, कारण ऐकणाऱ्याचा कान वाकतो आणि तोही लवकर वाकतो. ॲरिझोनातल्या क्लार्क आणि गॅरेट या संशोधकांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, परक्या ॲक्सेंटचं इंग्रजी ऐकताना श्रोत्यांचा सुरुवातीला वेग मंदावला, पण एखाद्या मिनिटातच त्यातला बराच फरक भरून निघाला. एक मिनिट! इतका वेळ सहकाऱ्याने दिला तर निम्मं काम होतं. तो वेळ मागायला लाजायचं कारण नाही. बोलण्याची मेहनत आपण परक्या भाषेत वर्षानुवर्षं करतोच आहोत.

आता थोडं आपल्याकडे वळतो, कारण हा न्याय आपण दुसऱ्याकडून मागतो आणि गणेशोत्सवाच्या रंगमंचासमोर बसून स्वतः मोडतो. इथे जन्मलेलं पोर धीर करून मराठीत बोलायला उभं राहतं, ‘भात’चा ‘भाट’ होतो, ‘ळ’चा ‘ल’ होतो, आणि खुर्च्यांमधून हशा येतो. प्रेमाने हसलो, असं आपण म्हणतो. पण पुढच्या वर्षी तेच मूल मंचावर यायला नकार देतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 मध्ये हिंदीतल्या त आणि ट यांच्यावरच प्रयोग केला होता. इंग्रजीभाषक घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हा फरक ऐकू येत होता. वर्ष भरत आलं तोवर बहुतेकांना तो ऐकू येणं बंद झालं होतं, कारण भोवतालच्या भाषेत त्याची गरज नव्हती. आपली मुलं दिवसभर पाळणाघरात इंग्रजी ऐकून वाढतात. त्यांचा त त्यांना शोधत शोधत परत मिळवावा लागतो. त्याला हसणारे आपण ‘पी’ला ‘बी’ म्हणणाऱ्यावर कोणत्या तोंडाने रागावणार? वऱ्हाडी किंवा मालवणी हेल ऐकून गावाकडच्या माणसाला जोखण्याची आपली सवयही याच घरातली आहे, ती विमानात मागे राहिली नाही.

म्हणून कार्यकारिणीकडे माझी मागणी अशी आहे. वर्ग ठेवावा, नाव बदलावं. अर्धा वेळ झोत, आघात, व्ही-डब्ल्यू आणि आपलं नाव फोनवर स्वच्छ सांगण्याची रीत यांना द्यावा. उरलेला अर्धा वेळ आपल्यातल्या नोकरी-कायदा जाणणाऱ्या सभासदांनी घ्यावा. 1964 च्या नागरी हक्क कायद्यानुसार मूळ देशावरून नोकरीत भेदभाव करता येत नाही, आणि ॲक्सेंटचं कारण पुढे करायचं तर त्याने कामात खरोखर अडथळा येतो हे मालकाला दाखवावं लागतं, हे किती जणांना माहीत आहे? वार्षिक मूल्यमापनात ‘संवादकौशल्य कमी’ असा शेरा आला तर कोणतं वाक्य, कोणत्या बैठकीत, कुणाला कळलं नाही, हे लेखी विचारायला शिकवावं. आणि गणेशोत्सवात मुलांचा कार्यक्रम सुरू होण्याआधी निवेदकाने प्रेक्षकांना हसू नका असं स्पष्ट सांगावं. पहिल्या शनिवारी प, ट आणि क शिकवायला मी येईन. कागदाच्या पट्ट्या मी आणतो.