बेसूर कोण?

गेल्या दिवाळीत फराळाला जमलेल्या मंडळींना मी 'न्यूट्रल मिल्क हॉटेल' या अमेरिकन वाद्यवृंदाची 'इन द एरोप्लेन ओव्हर द सी' ही १९९८ सालची तबकडी ऐकवली. चकली मोडता मोडता आमचे मेहुणे उद्गारले, "अहो, हा गातो की ओरडतो?"

ओरडतोच! आणि माझे भांडण आहे ते इथेच. जेफ मँगम या गायकाने अ‍ॅन फ्रँकची रोजनिशी वाचली आणि तो हादरून गेला. ती पोर १९४५ साली बर्गेन-बेल्सेनच्या छळछावणीत गेली. हा अर्धशतकानंतर तिच्यासाठी आक्रोश करतो आहे. तो काय खडीसाखर चघळत करायचा? त्याचा गळा चिरतो, गिटार खरखरते, आणि मध्येच करवत (होय, सुताराची असते तसली, पण गजाने वाजवलेली) अशी विव्हळते की व्हायोलिनने मान खाली घालावी. व्हायोलिनवाल्यांनी रागावू नये! आमच्या कानांना गुळगुळीतपणाची चटक लागली आहे. जरा कुठे खरखर आली की तिला बेसूर ठरवून आम्ही मोकळे.

दोन गाण्यांतच मेहुण्यांनी उठून टीव्ही लावला. रात्री त्यांची धाकटी मात्र हळूच माझ्या खोलीत आली.

"मामा, ती करवत पुन्हा लाव ना!"