मुलांविना विश्रांती

‘केवळ प्रौढांसाठी’ असलेल्या आलिशान रिसॉर्टमध्ये बालरोगतज्ज्ञाने उतरावे काय, हा प्रश्न थट्टेचा वाटला तरी विचारार्ह आहे. १९५० साली माजोर्का बेटावर क्लब मेडने निवास, भोजन व क्रीडा एकरकमी शुल्कात देण्याची प्रथा रुजवली. १९८१ मध्ये जमैकातील मॉन्टेगो बे येथे सँडल्सने ती दांपत्यांपुरती राखली.

यात मुलांचा तिरस्कार आहे, असे मला वाटत नाही. दिवसभर रडणे ऐकणाऱ्या आपल्या व्यवसायबंधूंना आणि रात्री जागणाऱ्या आईबापांना निवांतपणाचा हक्क आहेच. मात्र निर्णय घेताना खोलीच्या दराआधी अपत्याचे वय पाहावे. पहिले सहा महिने बाळाचा आहार म्हणजे केवळ आईचे दूध; पुढे साधारण दहा ते अठरा महिन्यांत आई दृष्टिआड होण्याचे भय सर्वाधिक असते. या काळात ही चैन लांबणीवर टाकावी. शाळकरी मूल आजीजवळ आनंदाने राहत असेल, तर निःशंक जावे.

आणखी एक पथ्य. पैसे आधीच भरले म्हणून ताट व पेला ओसंडू देऊ नये. ‘वसुली’च्या नादात रक्तदाब व रक्तशर्करा बिघडवून परतणे, याला विश्रांती कसे म्हणावे?