राखेवर आळ

सोमवारी संपादकांचा फोन. "'महाराषटर' हे नवीन राज्य कुठलं?"

उघडून बघतो तर पाठवलेल्या लेखातली सगळी जोडाक्षरं फुटलेली. 'म्हणजे'चं 'महणजे', 'पत्नी'ची 'पतनी', कन्हान नदीसुद्धा 'कनहान'. इनस्क्रिप्ट पद्धतीत अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह 'डी'च्या कळीवर असतं, आणि ती कळच बसली होती. खापरखेडा, कोराडी, सावनेर, नागपूर मात्र धडधाकट. आपल्या भागानं जोडाक्षरांचा फारसा सोस कधी केलाच नाही.

"राख!" मी निदान केलं. आमच्या खापरखेड्यात चार २१० चे आणि एक ५०० चा संच मिळून १,३४० मेगावॅटचं औष्णिक केंद्र, आणि आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख. त्यामुळे इथं दुसरं निदान सुचतच नाही. कुलरची मोटर बसली, राख. पापड वातड झाले, राख. शेजारच्या पोराला गणितात कमी पडले, तेव्हाही त्याच्या आजोबांनी धुराड्याकडेच पाहिलं होतं.

लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, उलटा धरून पाठ थोपटली. भाच्यानं फोनवर बजावलं होतं, "मामा, वरून काही ओतू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाला लावा, थेंबभर. कळीखाली कात्रीसारखी नाजूक चिमटी असते, ती उचकटू नका."

पेपरावर पडली ती शेव. मग पोहे, मोहरी, अर्धं कढीपत्त्याचं पान. या सदराचे वाचक जाणतात, तर्री-पोह्यांची प्लेट शेजारी नसेल तर मला पहिलं वाक्य सुचत नाही. बायकोनं चष्मा लावून पंचनामा केला. "अजी, हा कीबोर्ड आहे का डबा? एका माणसाचा नाश्ता निघून राहिला यातून!"

मी तरी राखेचाच मुद्दा रेटत होतो. ती म्हणाली, "राख मैद्यासारखी बारीक असते. तिला फोडणी कोण देते?"

(राखेला मी सरसकट निर्दोष ठरवत नाही. या एका गुन्ह्यापुरतं बोलतोय.)

'डी'खाली तर्री वाळून लाखेसारखी घट्ट बसली होती. ती काढताना कळ उचकटली, आणि चिमटी तुटली. आता प्रत्येक जोडाक्षराला काडीनं आतलं रबर दाबावं लागतं. बायकोच्या नावात दोन जोडाक्षरं आहेत. यापुढे या सदरात तिचा उल्लेख 'ही' एवढाच येईल.